सेलर (वाइन साठवायचं थंड तळघर) नाही, मग घरात वाइन कुठे ठेवावी?

प्रश्न पुण्यातल्या फ्लॅटचा आहे आणि नाशिकहून आणलेल्या पाच-सहा बाटल्यांचा, म्हणून आधी एक विचारतो: ठेवायच्यात कशाला? आपल्याकडची शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां ही व्हाइट वाइन ताजीच प्यायची असते. वर्षभरात संपवा, निम्मी काळजी मिटली.

तोवर खरा शत्रू उकाडा. वाइनला १२-१३ अंश मानवतात, आणि एप्रिल-मेमध्ये आपलं बंद घर सहज ३५ च्या पुढे जातं. त्यामुळे स्वयंपाकघरातला ओट्यावरचा कप्पा, फ्रिजच्या डोक्यावरची जागा आणि हॉलमधलं ते शोभेचं रॅक, तिन्ही बाद. हिवाळ्यात उत्तरेकडच्या खोलीत, कपाटाच्या अगदी खालच्या खणात, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलं तर चालतं. उन्हाळ्यात सरळ फ्रिज. रेड असली तरी. पिण्याआधी अर्धा तास बाहेर काढायची, झालं.

बाटली आडवी ठेवायची ती बूच ओलं राहावं म्हणून. फिरकीचं झाकण असेल (आपल्याकडे बऱ्याच बाटल्यांना तेच असतं) तर उभी ठेवा, काही बिघडत नाही. बूच किंचित वर आलंय, तोंडाशी चिकट ओघळ सुकलाय, असं दिसलं तर बहुधा बाटलीला उष्णता लागलीय. ती आधी उघडा.

उघडलेली रेडसुद्धा झाकण लावून फ्रिजमध्येच, तीन-चार दिवस. त्यानंतर उरली तर मटणाच्या रश्श्यात घाला. वाइन कूलर, म्हणजे वाइनसाठीचा खास छोटा फ्रिज? वर्षाला दहा बाटल्यांसाठी उगाच खर्च.