घोड्यांच्या राज्यात टायरचा वास

"मॅडम, हिच्या पुस्तकांत नुसत्या लढाया आणि मुडदे. अपघातानंतर तर हेच वाचत बसते. बंद करू का?"

मुलांच्या समुपदेशनाच्या माझ्या कामात थोड्याफार फरकाने हा प्रश्न सतत कानावर येतो. अपघाताच्या जागी कधी घरातला मृत्यू असतो, कधी शाळेतली मारहाण. पुस्तकं मात्र तीच, ड्रॅगन, जादूची राज्यं आणि 14-15 वर्षांचे सेनापती.

ही मुलगी आठवीतली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, दोन-तीन मुलांचे अनुभव एकत्र केलेत.) पुण्यात सिंहगड रोडवर आजोबांच्या स्कूटरवर मागे बसली होती, टेम्पो घासून गेला. तिला खरचटलं, आजोबांचा खुबा मोडला. तीन महिने उलटले तरी रात्री दचकून उठणं, क्लासच्या वेळी पोटात दुखणं, दुचाकीला साफ नकार आणि आईवर खेकसणं चालूच.

आईने पिशवीतली पुस्तकं पुरावा मांडावा तशी टेबलावर मांडली. अप्पा बळवंत चौकातून तिनेच घेऊन दिलेली. मी चाळली तर लढाईची पानं कोरी करकरीत, आणि लढाईनंतरची मळलेली, कोपरे दुमडलेली.

"लढाई वाचत नाहीस?"

"बोअर असते. नंतर काय होतं ते बघते."

"काय होतं?"

"काहीच नाही. वैद्य येतो, पाला लावतो, पुढच्या पानावर मेजवानी. असं नसतं."

पोरीने बरोबर बोट ठेवलं होतं. या प्रकारच्या बऱ्याच पुस्तकांत जखम शरीराची असते आणि ती जादूने भरते. चांगला लेखक तसं करत नाही. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला फ्रोडो काही लहान नाही, पण त्याला 6 ऑक्टोबरला वार लागतो आणि पुढच्या वर्षी त्याच तारखेला ती जागा पुन्हा ठणकते. लिहिणारा टॉल्किन 1916 साली, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत होता. 2003 मध्ये आलेल्या हॅरी पॉटरच्या पाचव्या भागातला हॅरी 15 वर्षांचा. डोळ्यांसमोर सोबतचा मुलगा मारला गेलेला. तो रडत नाही, जवळच्या मित्रांवर ओरडतो. 'किती चिडका झालाय' म्हणून वाचकही वैतागतात. या वयात भीती अनेकदा रागाच्या रूपातच बाहेर येते, आणि घरचे त्याला उद्धटपणा म्हणतात. आजीचं म्हणणं होतं की असली पुस्तकं आपली नव्हेत. मी म्हटलं, शांतिपर्वाची सुरुवात आठवा. युद्ध जिंकलेला युधिष्ठिर राज्य नको म्हणतो.

पुस्तकं बंद करायची नाहीत, असं ठरलं. उलट मी तिला एक काम दिलं: मेजवानीच्या आदल्या रात्रीचं लिही. रोज नाही, घरी नाही. माझ्यासमोर, 15 मिनिटं, एक पान. शेवटची पाच मिनिटं पाणी पिऊन खिडकीतून काय काय दिसतं ते सांगायचं, म्हणजे ती त्या रात्रीतून बाहेर येऊनच घरी जायची.

तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, 'तिला झोप लागत नाही. घोडा फुरफुरतो. तंबूत जळलेल्या टायरचा वास येतो.'

इथे 'हा अपघाताचा वास का?' असं विचारण्याचा मोह होतो. तो आवरला, याचं मला आजही बरं वाटतं. मी एवढंच म्हटलं, "या राज्यात घोडे आहेत, बैलगाड्या आहेत. टायर कुठून आले?"

पेनाचं टोपण बराच वेळ उघडत-मिटत राहिलं. मग, "सिंहगड रोडवरून." स्वतःच हसली आणि हसता हसता रडायला लागली. "मी आजोबांना म्हटलं होतं, लवकर चला, क्लासला उशीर होतोय."

तीन महिने हे वाक्य ती एकटी वागवत होती. घरात सगळे म्हणत होते, तुला काही झालं नाही ना, मग झालं तर! त्यामुळे बोलायला जागाच उरली नव्हती. पुढच्या दोन भेटी आम्ही तिच्या नायिकेचा खटला चालवला. कूच लवकर करा म्हणाली, म्हणून बाण तिने मारला का? वकील तीच. अशीलाला सोडवल्यावर घरी जाऊन आजोबांशी बोलली. ते म्हणाले, "तू म्हणालीस म्हणून मी कधी चाळीसच्या वर गेलोय का?"

घरी करायचं ते एवढंच. मूल ज्या पानावर अडलंय ते पान तुम्हीही वाचा. 'तिला काय वाटत असेल?' इथपर्यंतच थांबा. मूल आपणहून 'ती'वरून 'मी'वर येईतो वाट पाहा. 'तुलाही असंच होतं का?' हा प्रश्न घाईने आला की पुस्तक मिटतं आणि तोंडही. झोपायच्या आधी असली पानं नकोत. वाचल्यावर मूल सुन्न होऊन बसत असेल, तोच प्रसंग तसाच्या तसा पुन्हापुन्हा खेळत किंवा काढत असेल आणि त्यानंतर मोकळं होण्याऐवजी जास्त घाबरत असेल, तर मात्र पुस्तक बाजूला ठेवा. घटनेनंतर पहिले काही आठवडे झोप उडणं, दचकणं स्वाभाविक आहे. महिना उलटूनही ते चालू असेल, शाळा किंवा जेवण सुटलं असेल, तर तज्ज्ञाकडे न्या. मरणाची भाषा निघाली तर महिनाभरही थांबू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

तिची गोष्ट 11 पानांची झाली. नायिका अजून घोड्यावर बसलेली नाही, लगाम धरून त्याला चालवत नेते. मुलगी आईच्या स्कूटरवरून सिंहगड रोडला जोडणाऱ्या राजाराम पुलापर्यंत येते. तिथे उतरून पूल चालत ओलांडते, आई पलीकडे गाडी लावून थांबते.