एक चूक, आणि सगळं संपलं?

“एक चेंडू हातातून सुटला आणि माझं करिअर संपलं. आता मी कोण?” तिशी ओलांडलेल्या एका व्यावसायिक फुटबॉल गोलकीपरचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) एका चुकीने आयुष्याचा निकाल लागला, असं मानणारी माणसं इतर क्षेत्रांतूनही माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात.

विशीत पहिल्या संघात जागा, मग मोठ्या क्लबचा करार, देशाच्या संघाचं बोलावणं. आणि एका निर्णायक सामन्यात साधा क्रॉस, म्हणजे मैदानाच्या कडेने गोलसमोर मारलेला चेंडू, हातातून निसटला. पुढच्या सामन्यात दुसरा गोलकीपर उतरला, तोच टिकला. इतर खेळाडूंना बदली म्हणून शेवटची वीस मिनिटं तरी मिळतात. गोलकीपरची जागा एकच. ती गेली की महिनोन्‌महिने बेंच.

“लोक विसरतील,” असं मी त्यांना म्हटलं नाही. 1950च्या वर्ल्ड कपमध्ये उरुग्वेने ब्राझीलला 2-1 हरवलं. त्या पराभवाचा ठपका गोलकीपर मोआसिर बार्बोसावर बसला, तो 2000 साली त्याचा मृत्यू होईपर्यंत पुसला गेला नाही. खोटा दिलासा अशा माणसाला लगेच कळतो आणि मग तो बोलायचं थांबतो.

मी विचारलं, “त्या गोलनंतर सरावात काय बदललं?” बराच वेळ ते गप्प होते. मग हळूहळू बाहेर आलं. क्रॉस आला की पुढे जाऊन चेंडू पकडणारा हा माणूस गोललाइनला चिकटून राहू लागला होता. बचावपटूंना ओरडून सूचना देणं बंद झालं होतं. रात्री मोबाइलवर तीच क्लिप पुन्हा पुन्हा. झोप उडाली, घरच्यांशी बोलणं तुटलं. चूक क्षणाची होती, घसरण त्यानंतरच्या कित्येक महिन्यांची. माझ्या मते कामाला जागा होती ती इथेच.

क्लिप एकट्याने बघायची नाही, प्रशिक्षकासोबत दिवसा बघायची, असं ठरलं. “गोल झाला का?” हा प्रश्न बाजूला ठेवून “मी कुठे उभा होतो, पुढे जायचा निर्णय कधी घेतला?” एवढंच तपासायचं.

जगणं नकोसं वाटतं का, हेही मी थेट विचारलं. ते “कधी कधी” म्हणाले. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली, गोलकीपरच्या संमतीने त्यांच्या पत्नीला सांगितलं. जर्मनीच्या राष्ट्रीय संघाचा गोलकीपर रॉबर्ट एन्के याने आपलं नैराश्य लोकांपासून लपवून ठेवलं होतं. 2009 मध्ये त्याने आयुष्य संपवलं. असं थेट विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात येतो, ही भीती निराधार आहे. उलट, बोलायला वाट मिळते.

मोठ्या क्लबने करार वाढवला नाही. ते दुःख खरं होतं, त्यासाठी आम्ही वेळ दिला. सध्या ते खालच्या विभागात कमी पैशांवर खेळतात आणि प्रशिक्षकाच्या परवान्याचा अभ्यास करतात. क्रॉससाठी पुन्हा पुढे जातात, कधी चुकतातही. “मी कोण?” हा प्रश्न अजून सुटलेला नाही, पण आता ते तो पत्नीपाशी बोलतात.

घरात असं कुणी असेल, तर “विसरून जा” म्हणू नका. झोप, जेवण, बोलणं बदललंय का ते पाहा. मरणाची भाषा आली तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.