पुस्तकातला दागिना आणि आपल्या बाजारातले मणी

मण्यांचे दागिने शिकवणाऱ्या पुस्तकांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरं दिली आहेत. बहुतेक तक्रारींचं मूळ एकच दिसतं. कृती नीट वाचली जाते, पण आधीचं साहित्याचं पान घाईत उलटलं जातं. नग बिघडतो तो तिथेच.

प्रश्न : इंग्रजी पुस्तकातलं फुलांच्या नक्षीचं ब्रेसलेट पेयोट टाक्याने (सुईदोऱ्याने मण्यांची पट्टी विणायचा टाका) विणलं. मणी 11/0 नंबरचे लिहिले होते, तेच आणले. नक्षी मोजून मोजून घातली, तरी 16 सेंमीचं ब्रेसलेट 21 सेंमी झालं आणि फुलं उभी ताणल्यासारखी दिसतात. कुठे चुकलं? (नाशिक)

विणण्यात काही चुकलेलं नाही, मणी वेगळे आले. 11/0 या एकाच आकड्याखाली दोन जातीचे मणी विकले जातात. एक नेहमीचा गोल काचमणी. त्याचा व्यास साधारण 2 ते 2.2 मिमी असतो आणि एकाच पुडीत जाड-बारीक दाणे निघतात. दुसरा नळीसारखा कापलेला, सरळ भिंतीचा जपानी मणी, उदाहरणार्थ मियुकी कंपनीचा डेलिका. त्याचा व्यास 1.6 मिमी आणि लांबी 1.3 मिमी असते. पेयोटची चित्रमय नक्षी बहुतेक वेळा या दुसऱ्या मण्यासाठी आखलेली असते. साहित्याच्या यादीत ‘डेलिका’ किंवा ‘सिलिंडर’ हा शब्द आहे का, ते आधी पाहा.

हिशेब करून बघा. रुंदीत 12 मणी आणि एका उभ्या ओळीत 100 मणी धरले, तर डेलिकाचे 100 × 1.6 म्हणजे 16 सेंमी होतात. गोल मण्यांचे 100 × 2.1 म्हणजे 21 सेंमी. तुमचा आकडा नेमका हाच आहे.

वजनातही फरक पडतो. एका ग्रॅममध्ये डेलिका सुमारे 190 ते 200 बसतात, गोल 11/0 मात्र 110 च्या आसपास. म्हणून पुस्तकात ‘6 ग्रॅम’ लिहिलं असेल आणि गोल मणी घ्यायचे असतील, तर ग्रॅम न पाहता एकूण मणी मोजा. वरच्या ब्रेसलेटच्या 12 × 100, म्हणजे 1,200 मण्यांना गोल मण्यांचे 11 ग्रॅम लागतील. वेडेवाकडे दाणे काढून टाकावे लागतात, तेव्हा 13 ग्रॅम घ्या.

आणलेले गोल मणी वाया जाणार नाहीत. पट्टे, चौकटी, तिरप्या रेघा अशा भौमितिक नक्षीला ते छान चालतात. आधी 5 सेंमीचा तुकडा विणा, एका उभ्या ओळीत किती मणी बसले ते मोजा आणि त्यावरून पूर्ण लांबीचा अंदाज काढा. फूल, पक्षी, अक्षरं अशा नक्षीसाठी मात्र नळीसारखेच मणी हवेत. तिथे तडजोड करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : पेयोटची सुरुवातच कळत नाही. पुस्तकात ‘ओळ 1 आणि 2’ एकत्र का दिल्या आहेत? (लातूर)

कारण पहिल्यांदा ओवलेली सरच पुढे दोन ओळींत विभागली जाते. सम संख्येचा नमुना घ्या, समजा 12 मणी. दीड मीटर दोरा घ्या. टोकाला 15 सेंमी सोडून एक वेगळ्या रंगाचा मणी दोनदा ओवून अडकवा, हा नंतर काढायचा असतो. आता 12 मणी ओवा. तेरावा मणी सुईत घ्या, बारावा सोडा आणि अकराव्यातून उलट दिशेने सुई काढा. पुढचा मणी घ्या, दहावा सोडा, नवव्यातून काढा. असं करत पहिल्या मण्यातून बाहेर या. या फेरीत 6 मणी वाढले. सोडलेले मणी खाली सरकतात, दातेरी कड तयार होते, आणि पुस्तक याच फेरीला तिसरी ओळ म्हणतं.

या तीन ओळी हातात पिळवटतात, ते स्वाभाविक आहे. चौथ्या-पाचव्या ओळीपर्यंत तुकडा सपाट टेबलावर बोटाने दाबून धरा आणि प्रत्येक मण्यानंतर दोरा ओढून घ्या. ओळी मोजताना एका कडेचे मणी मोजून दुप्पट करा. विषम संख्येच्या नमुन्यात एका कडेला वळताना जास्तीचा फेरा घ्यावा लागतो. पहिल्या नगाला तो नकोच.

आणखी एक सूचना. चौकोनी घरांची, मागावर विणायची नक्षी पेयोटला वापरू नका. पेयोटमध्ये शेजारचा मणी अर्ध्याने वर-खाली बसतो, त्यामुळे चित्र मोडतं. विटांच्या टाक्याची, म्हणजे ब्रिक स्टिचची, नक्षी मात्र पान आडवं फिरवलं की पेयोटला चालते.

प्रश्न : अमेरिकन पुस्तकावरून तारेत मोती बांधायला शिकते आहे, पुढे नथी करायच्या आहेत. पुस्तकात 28 गेज जाडीची तार मोत्यातून दोनदा काढली आहे. माझी 28 गेज तार दुसऱ्यांदा जातच नाही. (कोल्हापूर)

दोन्ही तारा 28 गेजच्या, तरी जाडी वेगळी. अमेरिकन पुस्तकं एडब्ल्यूजी हे माप वापरतात. आपल्याकडच्या दुकानांत बऱ्याचदा एसडब्ल्यूजी, म्हणजे जुनं ब्रिटिश माप चालतं. अमेरिकन 28 म्हणजे 0.32 मिमी, ब्रिटिश 28 म्हणजे 0.376 मिमी. मोत्याचं भोक 0.7 मिमी असेल तर पहिली तार दोनदा जाते (0.64), दुसरी अडते (0.75). जोर लावला तर मोत्याच्या भोकाची कड उडते.

ही सांगड वहीत लिहून ठेवा : पुस्तकातल्या 28 ला आपली 30, पुस्तकातल्या 26 ला आपली 27, 24 ला 25 आणि 20 ला 21. दुकानदाराला गेज न सांगता मिलिमीटर सांगणं उत्तम. घरी तपासायचं तर तार पेन्सिलीवर एकमेकांना चिकटून 20 वेढे गुंडाळा, पट्टीने मोजा आणि 20 ने भागा. 6.4 मिमी आलं तर तार 0.32 ची.

बारीक तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवू नका. प्रत्येक वाकवण्याने ती कडक होते आणि शेवटी मोत्याला लागूनच तुटते. मोती चुकीचा बसला तर तार सरळ करत बसण्यापेक्षा नवा तुकडा घ्या. दातेरी पक्कडही नको, तिचे वळ तारेवर राहतात आणि मोत्याला ओरखडे जातात.

प्रश्न : गिअर वायरची (प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या पोलादी वायरची) माळ हुकाजवळच तुटते. (ठाणे)

गिअर लॉक, म्हणजे दाबून वायर पकडून ठेवणारी धातूची बारीक नळी, साध्या चपट्या पकडीने फार दाबला की त्याची कड वायरवरचं प्लॅस्टिकचं आवरण कापते आणि आतले पोलादी धागे एकेक करून तुटतात. लॉक दाबायची खास, म्हणजे क्रिंपिंगची, पक्कड घ्या. तिला दोन खाचा असतात. लॉकमध्ये दोन्ही वायर शेजारी-शेजारी ठेवा, एकमेकींवर चढू देऊ नका. आधी आतल्या खाचेत दाबा, म्हणजे मधे पन्हळ पडून प्रत्येक वायर आपल्या कप्प्यात बसते. मग लॉक पाव फेरा फिरवून बाहेरच्या खाचेत दाबा, तो घडी होऊन गोल होतो. 0.38 मिमी वायरला 2 मिमीचा लॉक पुरतो. उरलेलं टोक 2-3 सेंमी मण्यांत परत ओवून मगच कापा.

दुसरं कारण म्हणजे माळ गच्च ओवणं. हुक लावण्याआधी 2-3 मिमी सैल ठेवा. गच्च माळ गळ्यात वळताना सगळा ताण लॉकवर येतो.

प्रश्न : पुस्तकात ‘मनगट + 1 सेंमी’ असं माप आहे, तरी मोठ्या मण्यांचं ब्रेसलेट घट्ट होतं. (मडगाव)

तो नियम बारीक मण्यांचा आहे. मणी मोठे असले की आतला घेर कमी होतो, आणि तो मण्याच्या व्यासाच्या सुमारे 3.14 पट कमी होतो. मनगट 15 सेंमी आणि मणी 8 मिमी असतील तर 2.5 सेंमी वाढवा, वर 1 सेंमी सैलपणा, म्हणजे हुकासह 18.5 सेंमी. 4 मिमी मण्यांना 1.3 सेंमीची वाढ पुरते.

प्रश्न : जुन्या पुस्तकात स्वारोव्स्की कंपनीचे 5301 नंबरचे बायकोन (दोन्ही टोकांना निमुळते क्रिस्टल मणी) सांगितले आहेत. मिळत नाहीत. (पुणे)

हस्तकलेच्या बाजाराला सुटे क्रिस्टल देणं त्या कंपनीने 2021 मध्ये बंद केलं. प्रेसिओसा या चेक कंपनीचे त्याच मापाचे, म्हणजे 4 मिमीला 4 मिमी, बायकोन वापरा. कोणाचेही असले तरी बायकोनच्या भोकाची कड धारदार असते आणि साधा नायलॉन दोरा कापते. तिथे फायरलाइनसारखा वेणीचा दोरा किंवा गिअर वायर घ्या.

प्रश्न : पहिलं पुस्तक निवडताना काय पाहावं? (सोलापूर)

दुकानात उभ्यानेच कुठलाही एक नमुना उघडा. मण्यांची मापं मिलिमीटरमध्ये आहेत का, दोऱ्याची लांबी आणि सुईचा नंबर दिला आहे का, आणि आकृतीत आधी ओवलेले मणी नव्यांपासून वेगळ्या रंगात दाखवले आहेत का, हे पाहा. दोऱ्याच्या वाटेला बाण हवेतच. नुसते देखणे फोटो आणि खाली चार ओळी, असं पुस्तक शिकणाऱ्याच्या कामाचं नाही. शेवटचं टोक कसं लपवायचं आणि दोरा संपल्यावर नवा कसा जोडायचा, ही दोन पानं नसतील तर पुस्तक परत ठेवा. नग विकण्याचा विचार असेल तर सुरुवातीच्या हक्कांच्या पानावर तशी परवानगी आहे का तेही वाचा. नमुन्यांच्या झेरॉक्स काढून वर्गात वाटणं मात्र प्रकाशकाच्या परवानगीशिवाय करू नका.