आईबाबांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट सापडलीये पण ती चालवायचं मशीन, व्हीसीआर, कुठेच मिळत नाही. एवढी चालणारी गोष्ट बंद कशी पडली? आणि कॅसेट टाकून द्यावी का?

टाकू नका. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल, पण टाकू नका.

माझ्या मामाची बार्शीत व्हिडिओ लायब्ररी होती आणि माझ्या मे महिन्याच्या सगळ्या सुट्ट्या त्या दुकानात कॅसेटी रिवाइंड करण्यात गेल्यात. नुसत्या कॅसेटच्या भाड्यात फार सुटायचं नाही, खरी कमाई व्हीसीआर आणि कलर टीव्ही रात्रभर भाड्याने देण्यात होती. सोबत तीन-चार पिक्चर, बारसं असो सत्यनारायण असो की गणपती, अख्खी आळी अंगणात सतरंज्या टाकून पहाटेपर्यंत बघत बसायची.

सगळे म्हणतात डीव्हीडीने व्हीएचएसला संपवलं. तिकडे जपान-अमेरिकेत ते बरोबर आहे, डीव्हीडी १९९६ ला जपानमध्ये आली आणि काही वर्षांत कॅसेट मागे पडली. पण आमच्या गावात मामाचा धंदा त्याआधीच बसला होता, आणि तो बसवला केबलने. केबलवाला मामाकडूनच एक कॅसेट न्यायचा, आपल्या खोलीतल्या व्हीसीआरमध्ये घालायचा आणि तोच पिक्चर एकदम सगळ्या पेठेत दिसायचा, म्हणजे भाडं एका कॅसेटचं आणि बघणारी घरं दोन-तीनशे. मग आली व्हीसीडी. चित्र व्हीएचएसपेक्षा चांगलं होतं असं मला कधीच वाटलं नाही, मारामारीच्या सीनला नुसते चौकोन चौकोन दिसायचे, आणि एका डिस्कवर ७४ मिनिटंच मावायची म्हणून एका हिंदी पिक्चरला दोन-तीन डिस्क बदलाव्या लागायच्या. पण रिवाइंड नाही, टेप अडकणं नाही आणि प्लेअर स्वस्त, लोकांना तेवढं पुरलं.

गंमत बघा, व्हीएचएस स्वतः बीटामॅक्स नावाच्या दुसऱ्या कॅसेटवर जिंकली होती ती बरीचशी जास्त वेळ मावतो म्हणून. सोनीची बीटामॅक्स १९७५ ची, जेव्हीसीची व्हीएचएस १९७६ ची, पण सुरुवातीला बीटामॅक्सवर एकच तास मावायचा आणि व्हीएचएसवर दोन. शेवटी १९८८ मध्ये खुद्द सोनीने व्हीएचएसचे व्हीसीआर काढले. आणि शेवटपर्यंत टिकलेल्यांपैकी फुनाई नावाच्या जपानी कंपनीनेही २०१६ च्या जुलैमध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, खप घटला होता आणि सुटे भाग मिळेनासे झाले होते. तुम्हाला दुकानात मशीन मिळत नाही ते म्हणूनच.

आता तुमच्या कॅसेटचं. पिक्चर काय, व्हीसीडीवर आले, डीव्हीडीवर आले, आता मोबाईलवर आहेत. लग्नाची कॅसेट मात्र जगात एकच असते. आमच्या घरच्या १९९२ च्या लग्नाची कॅसेट मी अशीच एका दुकानात कॉपी करायला दिली, रिळाच्या कडेला पिठासारखी पांढरी बुरशी होती ती त्याने बघितली नाही आणि मीही बघितली नव्हती, तशीच मशीनमध्ये घातली. माझी आजी नवरीला ओवाळताना काहीतरी बोलते आणि स्वतःच खूप हसते, नेमकी तिथे टेप चुरगळली. आजीचा आवाज दुसरीकडे कुठेच नाहीये आमच्याकडे. त्या जागेवर आता सहा-सात सेकंद नुसती खरखर आहे आणि मला त्याचं आजही फार वाईट वाटतं.

म्हणून सांगतो, आधी कॅसेटच्या काचेतून टॉर्च मारून रीळ बघा. पांढरं काही दिसलं तर कुठल्याच मशीनमध्ये घालू नका, बुरशी मशीनच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागते आणि पुढची कॅसेटही खराब होते. आधी टेप साफ करून देणारा माणूस शोधा, जुने लग्नाचे व्हिडिओ शूटिंगवाले असतात त्यांना विचारा, बऱ्याच जणांकडे अजून चालू व्हीसीआर आहे. स्वच्छ असेल तर त्यांच्याकडून हेड साफ करून घ्या, कॅसेट एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा आणि पहिल्यांदा चालवाल तेव्हाच कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करा, पिवळी-लाल-पांढरी वायर जोडायचा छोटा कॅप्चर डिव्हाइस ऑनलाइन मिळतो. आधी नुसतं बघून घेऊ, नंतर रेकॉर्ड करू असं करू नका, दर वेळी हेड टेपवर घासतं आणि जुनी टेप किती वेळा सोसेल सांगता येत नाही. आणि लेबल चिकटवतात त्या कडेला एक छोटी प्लास्टिकची पट्टी असते, ती शाबूत असेल तर स्क्रूड्रायव्हरने तोडून टाका, म्हणजे चुकून कोणी रेकॉर्डचं बटण दाबलं तरी लग्न पुसलं जाणार नाही.