'जामा मशीद' की 'जुम्मा मशीद'?

अहमदाबाद पाहून आलेल्या एका वाचकांचा प्रश्न आहे: पुस्तकात 'जामा मशीद' वाचलं होतं, पण रिक्षावाला 'जुम्मा मस्जिद' म्हणत होता. यातलं बरोबर कोणतं? आणि 'जामा' म्हणजे तर अंगरखा ना?

अंगरख्याचा 'जामा' वेगळा. तो फारसी शब्द, आपल्या 'पायजाम्या'तला. मशिदीचा 'जामा' अरबी 'जामिअ'वरून आला, म्हणजे एकत्र आणणारी, सगळ्यांना गोळा करणारी. शेवटचा घशातला 'अ' आपल्याकडे कुणाच्याच जिभेवर बसत नाही. तो गळला आणि उरला 'जामा'. दोन्ही शब्द अरबी लिपीत निरनिराळे लिहितात. देवनागरीत मात्र ते अगदी एकसारखे दिसतात, म्हणून हा घोटाळा.

'जुमा' म्हणजे शुक्रवार, एकत्र जमण्याचा दिवस. त्याचा धातूही तोच: ज-म-अ. बोलताना 'म'चं द्वित्त झालं आणि 'जुम्मा' रुळला. याच धातूची पोरंबाळं मराठीत आपण रोज वापरतो: जमा, जमाखर्च, जमाबंदी, जमात. इतकंच काय, शिवकाळातला जमाखर्च पाहणारा 'मुजुमदार'सुद्धा (ज्याला राज्याभिषेकानंतर 'अमात्य' म्हटलं गेलं) याच घरातला. मला तर 'मुजुमदार' आणि 'जामा मशीद' हे भाऊबंद आहेत, हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता.

तेव्हा दोन्ही रूपं बरोबर. एक सांगतं लोक कशासाठी येतात, दुसरं सांगतं कधी येतात.

नावाचा खरा अर्थ अहमदाबादच्या जामा मशिदीच्या अंगणात उभं राहिलं की कळतो. गल्लीतली छोटी मशीद रोजच्या नमाजाला पुरते. शुक्रवारी दुपारी मात्र गावानं एकत्र यायचं असतं आणि खुतबा, म्हणजे शुक्रवारचं प्रवचन, ऐकायचा असतो. त्या काळी खुतब्यात सुलतानाचं नाव घेतलं जाई, आणि ज्याचं नाव तो राजा. म्हणूनच पहिल्या अहमदशाहानं 1411 मध्ये वसवलेल्या शहरात 1424 मध्ये एवढी मोठी मशीद उभी राहिली. समोर विस्तीर्ण फरसबंदी अंगण, मध्ये वजूचा (नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्याचा) हौद, आणि पश्चिमेला 260 खांबांचा दिवाणखान्यासारखा दालनपट्टा, वर 15 मोठे घुमट. मधला भाग तीन मजले उंच चढवून त्याला सज्जे आणि दगडी जाळ्या दिल्यात. उजेड आत येतो, पण मऊ होऊन. मधल्या कमानीच्या दोन्ही बाजूंना मिनारांचे कोरीव बुंधे दिसतात, तेही थांबून पाहावेत. वरचे भाग 1819 च्या कच्छच्या भूकंपात गेले.

गुलबर्ग्याच्या किल्ल्यातली 1367 ची बहामनी जामा मशीद याच्या अगदी उलट: तिला उघडं अंगणच नाही, सगळी जमात छपराखाली.

लिहिताना माझा सल्ला असा: जिथं जे नाव चालतं तेच ठेवावं. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची, 1802 मध्ये पुरी झालेली आणि जुन्या तळ्यावर उभी असलेली मशीद लोकांच्या तोंडी 'जुम्मा' आहे. 'शुद्ध' करायच्या हौसेनं तिला 'जामा' लिहू नये. आणि मराठी वाक्यात 'मस्जिद'पेक्षा 'मशीद' बरं वाटतं. तिथं 'जामा मशिदीत' असं सामान्यरूपही सहज होतं.