अकरा तास लावली, तरी बॅटरी भरली का नाही?

प्रश्न : महिनाभर गाडी जागेवरच होती आणि बॅटरी उतरली. तिच्यावर १२ व्होल्ट, ४५ एएच (अँपिअर-तास) असं लिहिलंय. माझा चार्जर ४ अँपिअरचा आहे. ४५ भागिले ४ म्हणजे सव्वाअकरा तास, असा हिशेब करून तेवढा वेळ लावली. पण चार्जरचा हिरवा दिवा काही लागला नाही. लावण्याआधी मल्टीमीटरवर ११.९ व्होल्ट दिसत होते. बॅटरी गेली का? की मोठा चार्जर आणू?

उत्तर : मोठा चार्जर आणू नका. बॅटरी गेली असंही इतक्यात म्हणवत नाही. तुमचा भागाकार बरोबर आहे, पण बॅटरी तेवढ्यावर भरत नाही.

गाडीत असते तशा शिशाच्या बॅटरीतून १० अँपिअर-तास काढले, तर परत साधारण १२ घालावे लागतात. वरचे उष्णतेत आणि पाण्याचे बुडबुडे होण्यात जातात. थांबलेल्या बॅटरीचे ११.९ व्होल्ट म्हणजे ती जवळजवळ रिकामीच होती. तेव्हा ४५ गुणिले १.२ म्हणजे ५४, भागिले ४, साडेतेरा तास. हेच १२.२ व्होल्ट असते तर ती निम्मी भरलेली धरली असती आणि वेळही निम्मा आला असता. म्हणून तासांचा हिशेब करताना मी आधी व्होल्ट विचारतो, एएच नंतर.

साडेतेरा तासही पुरणार नाहीत. व्होल्टेज १४.४ च्या आसपास पोचलं की चार्जर ते तिथेच धरतो आणि करंट उतरू लागतो. आतल्या शिशाच्या प्लेटांचा वरचा थर लवकर पालटतो, आतल्या भागात मात्र ॲसिड सावकाश झिरपतं. शेवटचा पाचवा हिस्सा म्हणूनच रेंगाळतो. त्याचे आणखी दोन-तीन तास धरा, एकूण सोळाच्या आसपास.

मी बाकावर काम शिकत होतो तेव्हा घड्याळ बघून क्लिपा काढायचो. उस्ताद काही न बोलता हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजायची नळी, हातात द्यायचे आणि बॅटरीतले सहाही सेल (कप्पे) तपासायला लावायचे. काटेकोर हिशेबानं भरलेली बॅटरीसुद्धा एखाद्या सेलमध्ये मागे असायची. तासातासानं घेतलेली तीन मापं सारखी आली, १.२६५ च्या आसपास, की ती भरली. ही सवय माझ्या हातातून आजही सुटलेली नाही. तुमची सीलबंद असेल तर हे जमणार नाही. मग चार्जरच्या काट्यावर लक्ष ठेवा. करंट अगदी कमी होऊन दोन तास तिथेच राहिला तर पुरे.

मोठ्या चार्जरचं म्हणाल, तर एएचच्या दहाव्या हिश्श्याएवढा करंट बॅटरीला सोसतो. तुमच्या बॅटरीला साडेचार. १५ अँपिअर घातले तर ती तापेल, ॲसिड उसळेल, प्लेटा झडतील.

आता पुन्हा लावा. खोली उघडी ठेवा, हायड्रोजन निघतो, जवळ ज्योत किंवा ठिणगी नको. आधी चार्जर बंद करायचा, मगच क्लिपा काढायच्या. लगेच व्होल्ट बघू नका, नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीचा आकडा फुगलेला असतो. गाडीच्या तारा सोडवून ती रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी मोजा. १२.६ किंवा त्यावर असेल तर दोन दिवसांनी परत मोजा. आकडा टिकला तर बॅटरी चांगली आहे, गाडीत काहीतरी वीज खात होतं ते शोधा. साडेदहाच्या आसपास घसरला तर एक सेल मेला आहे, आणि मग कितीही तास लावून उपयोग नाही.