मानवतच्या जिनिंगचं रेकॉर्डिंग

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

मानवतच्या जिनिंगमधलं, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातलं, तुझं मशिनींचं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. पहिल्यांदा मोबाईलवर, ते धरू नकोस. नंतर दोनदा दार लावून, हेडफोनवर. खाली तू विचारलंयस, "सर, याला संगीत म्हणायचं का नुसता गोंगाट?" घरचे काय म्हणाले असतील, ते न सांगताच कळलं.

शास्त्राचं आधी उरकून टाकतो. हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८६३ साली मांडलं की कंपनं नियमित असली की स्वर, अनियमित असली की गोंगाट. सुटसुटीत आहे, पण आपल्या हलगीपाशी येऊन अडतं. तबल्या-मृदंगाच्या पुडीवर शाईचा, म्हणजे त्या काळ्या लेपाचा, भार असतो म्हणून तिचे उपस्वर मूळ स्वराशी जुळतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवलं. हलगीला कुठली शाई? म्हणजे ती गेली गोंगाटाच्या खात्यात. जाळावर कातडं शेकायचं, टिचकी मारून बघायचं, पुन्हा शेकायचं, असं तासभर करणाऱ्या हलगीवाल्याला हे जाऊन सांग बरं.

त्यापेक्षा आपला देवगिरीचा माणूस बघ. सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवानं तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला. (आपण किल्ल्यावर सहलीला जातो, अंधारीत, त्या काळोख्या भुयारात, वटवाघळं बघून येतो, त्याचं नाव कुणी काढत नाही.) त्याच्या लेखी स्वर म्हणजे जो स्निग्ध असतो, घुमत राहतो आणि आपसूक ऐकणाऱ्याचं चित्त रंजवतो. 'स्निग्ध'मध्ये तुझ्या मशिनी काही बसत नाहीत. पण ऐकणारा त्यानं व्याख्येतच बसवलाय, ते मला पटतं.

आता तुझ्या कामाबद्दल. पहिली चार मिनिटं तू मशिनीच्या आवाजाखाली तबल्यावरचा केरवा, आठ मात्रांचा ताल, टाकलायस. का? भ्यालीस म्हणून. मशीन एका लयीत आपटतं खरं, पण त्याला सम नाही, म्हणजे जिची वाट बघावी आणि जिथं येऊन पोचावं अशी आवर्तनाची पहिली मात्रा नाही. त्या आवाजात कुणी कशाची वाट बघत नाही. तू आठ मात्रांची खोटी सम चिकटवलीस आणि मशीन दर आवर्तनाला तिच्यावरून निसटतं. ऐकणाऱ्याला वाटतं, तबलजी कच्चा आहे.

आणि खरी जागा तर सातव्या मिनिटाला आहे. लाईट जाते. मशिनी एकदम थांबत नाहीत. घरघर मींड घेतल्यासारखी खाली खाली उतरते, तिच्यातून एकेक टकटक सुटी होते, मग शेवटची टक. पारव्यांची फडफड. आणि इतका वेळ मशिनीच्या वरताण ओरडून बोलणारी एक बाई तशीच ओरडत राहते, "अन् मग त्यो म्हणला..." एवढ्यात तिला स्वतःचाच आवाज ऐकू येतो आणि ती हसते.

तिथं तू आवाज बारीक करत नेऊन संपवलंस! माझा जीव हळहळला. ती सम होती, पोरी. तू घातलेली नव्हती. सात मिनिटं कान त्या आवाजात कोंडला होता म्हणून ती आली. माझ्यापुरती रेघ इथं आहे. कान कशाची तरी वाट बघायला लागला, मग वाजवणारं माणूस असो की मशीन, मी त्याला संगीत म्हणतो. वाट बघायला लावायचीच नसेल, लोकांनी मधेच यावं, थांबावं, निघून जावं, तर ती ध्वनिकला. ते काही खालच्या पायरीचं काम नाही, पण दोन्हींत पाय ठेवू नकोस.

असल्या आवाजांना संगीत म्हणणं हे परक्यांचं खूळ आहे असं कुणी म्हणेलच. १९५२ मध्ये डेव्हिड ट्यूडर हा अमेरिकन पियानोवादक पियानोपुढं चार मिनिटं तेहतीस सेकंद एकही स्वर न वाजवता बसला. ती रचना जॉन केज या अमेरिकन संगीतकाराची, आणि केज भारतीय संगीत शिकला होता गीता साराभाईंकडून, ज्या स्वतः पखवाज वाजवायच्या. पुढं १९६९ मध्ये याच ट्यूडरनं अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा करून दिला. आणि शांत बसायचं तरी त्या रचनेत तीन भाग होते, वेळ मोजलेली होती. उगीच बसला नव्हता तो.

तेव्हा केरवा काढ. घुमारा घालू नकोस. सात मिनिटं अखंड ठेव, कंटाळा आला तरी. लाईट गेल्यावरची दोन मिनिटं कापू नकोस. आणि मोठ्यानं वाजवू नकोस. कायद्यात वस्तीला रात्रीची ४५ डेसिबलची मर्यादा असूनही आमच्या गल्लीत डीजेनं कपाटातली भांडी नाचतात, आणि त्याला मात्र संगीत म्हणायला कुणाची ना नसते.

एक राहिलं. त्या बाईला विचारलंस का? तिचं बोलणं, तिचं हसणं आहे त्यात. बाहेर कुणालाही ऐकवायच्या आधी मशिनी बंद असताना जा, हेडफोन तिच्या कानाला लाव. ती नको म्हणाली तर नको. तिनं ऐकलं, तर कुठं हसते ते बघ आणि मला कळव.

तुझे,
सर